काजव्याचा उजेड आणि आरएनएची कापजोड

मे संपत आला की आमच्या नगर जिल्ह्यातल्या (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण जीभ अजून वळत नाही) अकोले तालुक्यात शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागते. भंडारदरा, घाटघर, रतनवाडी, साम्रद, पुरुषवाडी. पाऊस धरायच्या आधीचे दोन-तीन आठवडे या पट्ट्यात हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर हजारो काजवे बसतात आणि अख्खं झाड एकदम उजळतं, विझतं, पुन्हा उजळतं. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यातला 'काजवा महोत्सव' आता पुण्या-मुंबईच्या लोकांना पाठ झाला आहे.

तिथे कसं जायचं हे सांगायला ही पोस्ट नाही. काजव्याचा उजेड ज्या एन्झाईममुळे पडतो, त्या ल्युसिफरेजचा प्रयोगशाळेतला इतिहास मला सांगायचा आहे. त्यातही एक ठरावीक धागा: पेशीत आरएनएची कापजोड, म्हणजे स्प्लायसिंग, नीट होतेय की नाही, हे बघायला लोकांनी हा उजेड कसा वापरला. पीएच.डी.च्या प्रवेश मुलाखतीत 'रिपोर्टर जनुक म्हणजे काय?' हा प्रश्न हमखास येतो. उत्तर सगळ्यांचं पाठ असतं: 'ज्या जनुकाचं उत्पादन सहज दिसतं किंवा मोजता येतं ते.' पुढचा प्रश्न आला की गडबड होते. 'उजेड वाढला. मग नक्की काय वाढलं?' इथे भल्याभल्यांच्या डोळ्यांसमोर काजवे चमकतात. या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर व्याख्येत सापडत नाही, इतिहासात सापडतं, म्हणून हा खटाटोप.

सुरुवात थोडक्यात उरकते. १८८० च्या दशकात फ्रान्समध्ये राफाएल द्युबुआने चमकणाऱ्या प्राण्यांचे अर्क काढून दाखवलं की उजेडाला दोन गोष्टी लागतात. एक उष्णता सहन करणारी आणि उजेड पडताना खर्च होणारी, दुसरी उष्णतेने मरणारी. पहिलीला त्याने ल्युसिफेरिन म्हटलं, दुसरीला ल्युसिफरेज. म्हणजे इंधन आणि एन्झाईम. नावं आजही तीच आहेत, पण हे लक्षात ठेवा की ती आडनावासारखी आहेत. काजव्याचं ल्युसिफेरिन आणि समुद्री जीवांचं ल्युसिफेरिन यांचा रासायनिक संबंध नाही. एकाचं इंधन दुसऱ्याच्या एन्झाईमला चालत नाही. हा मुद्दा पुढे कामाला येणार आहे.

मग येतो विल्यम मॅकेलरॉय. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात १९४० च्या दशकात तो काजव्यांवर काम करत होता. काजवे लागायचे हजारोंनी, आणि प्रयोगशाळेत काजवे वाढवणं सोपं नाही. म्हणून त्याने शहरातल्या पोरांना सांगितलं: शंभर काजवे आणा, पंचवीस सेंट घ्या. पोरं पिशव्या भरभरून आणू लागली. त्या काजव्यांच्या शेपटांचा अर्क काही वेळ चमकायचा आणि विझायचा. १९४७ मध्ये मॅकेलरॉयने दाखवलं की विझलेल्या अर्कात एटीपी टाकलं की तो पुन्हा पेटतो. आज आपण अकरावीत एटीपीला 'पेशीचं चलन' म्हणून मोकळे होतो. त्या काळात हे चलन डोळ्यांना दिसेल असा हा पुरावा होता. जितकं एटीपी तितका उजेड. अन्नकारखान्यात भांडी स्वच्छ झाली का हे तपासायला आजही हीच क्रिया वापरतात, कारण जिथे जंतू तिथे एटीपी.

जाता जाता एक किस्सा, कारण तो मला फार आवडतो. १९६० मध्ये सेलिगर आणि मॅकेलरॉय यांनी मोजलं की काजव्याच्या क्रियेत ल्युसिफेरिनचे शंभर रेणू जळले तर ८८ प्रकाशकण बाहेर पडतात. जगातली सर्वांत कार्यक्षम जैविक प्रकाशक्रिया म्हणून हा आकडा पाठ्यपुस्तकांत जाऊन बसला. २००८ मध्ये जपानमधल्या अँडो आणि सहकाऱ्यांनी नव्या उपकरणाने पुन्हा मोजलं तर आकडा आला सुमारे ४१. अठ्ठेचाळीस वर्षं सगळे ८८ लिहीत होते. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये एखादा आकडा 'सर्वमान्य' म्हणून उतरवताना एकदा मूळ शोधनिबंधाची तारीख बघत जा.

काजवे गोळा करणं मात्र थांबलं नव्हतं. सेंट लुईसच्या सिग्मा कंपनीने तर काजवे जमवणाऱ्यांचा क्लबच काढला होता आणि वर्षानुवर्षं अमेरिकेतले हौशी लोक त्यांना काजवे विकत होते. ही पिळवणूक संपवण्याची वाट १९८५ मध्ये उघडली. सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात जेफ्री डी वेट, कीथ वूड, डोनाल्ड हेलिन्स्की आणि मार्लीन डिलुका यांनी अमेरिकन काजव्याच्या, फोटिनस पायरॅलिसच्या, ल्युसिफरेजचं जनुक वेगळं करून ते ई. कोलाय जिवाणूत घातलं आणि जिवाणूतून चमकणारं एन्झाईम मिळवलं. (मार्लीन डिलुका या मॅकेलरॉयच्या पत्नी आणि स्वतः या एन्झाईमच्या मोठ्या जाणकार.)

इथे जरा थांबू. या प्रयोगातली एक गोष्ट बहुतेक जण वाचून पुढे जातात, पण माझ्या मते पुढचा सगळा इतिहास तिच्यात दडला आहे. त्यांनी काजव्याच्या डीएनएमधून थेट जनुक उचललं नाही. काजव्याच्या प्रकाश-अवयवातून तयार एमआरएनए काढला आणि त्यावरून उलटा डीएनए, म्हणजे सीडीएनए, बनवला. असं का? कारण १९७७ मध्ये रिचर्ड रॉबर्ट्स आणि फिलिप शार्प यांच्या गटांनी दाखवून दिलं होतं की आपल्यासारख्या केंद्रक असलेल्या जीवांची जनुकं सलग नसतात. मधे मधे इंट्रॉन असतात. आधी सगळ्याची नक्कल होते, मग इंट्रॉन कापून टाकले जातात आणि उरलेले एक्झॉन जोडले जातात. या शोधाला १९९३ मध्ये नोबेल मिळालं. ही कापजोड करणारं यंत्र, स्प्लायसिओसोम, जिवाणूकडे नाही. त्याला इंट्रॉनसकट जनुक दिलं तर तो इंट्रॉनही इमानेइतबारे वाचणार आणि भलतंच प्रथिन बनवणार.

१९८७ मध्ये याच गटाने, सुरेश सुब्रमणी यांच्यासह, काजव्याच्या मूळ जनुकाची पूर्ण रचना छापली. ल्युसिफरेजमध्ये अमिनो आम्लं ५५०, आणि जनुकात इंट्रॉन सहा, प्रत्येक साठ अक्षरांपेक्षा लहान. म्हणजे भंडारदऱ्याच्या झाडावर काजवा चमकतो तेव्हा त्याच्या पेशीतही आधी अशीच कापजोड उरकलेली असते. ती फसली तर उजेड नाही.

हे वाक्य नीट धरून ठेवा: कापजोड फसली तर अंधार. १९८५ मध्ये ही अडचण होती आणि सीडीएनए वापरून ती टाळली गेली. तेरा वर्षांनी एका माणसाने हीच अडचण मुद्दाम आत घातली आणि तिचं मोजमापाचं साधन केलं. तिकडे जाण्याआधी उजेड सजीवाच्या अंगात कसा पोचला ते बघू.

१९८६ मध्ये सॅन दिएगोच्याच गटाने ल्युसिफरेज तंबाखूच्या रोपात घातलं. रोपाला ल्युसिफेरिनचं पाणी दिलं, अंधारात फिल्मवर ठेवलं, आणि मुळं, शिरा, पानं उजळलेला फोटो सायन्स नियतकालिकात छापून आला. तो फोटो प्रसिद्ध आहे, शोधून बघा. प्राण्यांत हे जमायला अजून नऊ वर्षं गेली. १९९५ मध्ये स्टॅनफर्डमध्ये ख्रिस्तोफर काँटॅग आणि सहकाऱ्यांनी चमकणारे साल्मोनेला जिवाणू उंदराला दिले आणि उंदीर जिवंत असतानाच संसर्ग पोटात कुठे आहे हे कॅमेऱ्याने बाहेरून पाहिलं. त्याआधी असा प्रत्येक प्रश्न म्हणजे दर दिवशी काही उंदीर मारून उघडून बघणं. आता तोच उंदीर सोमवारी बघा, गुरुवारी बघा. एकाच प्राण्याची स्वतःशीच तुलना करता येऊ लागली.

पण मांसातून उजेड बाहेर येतो कसा? हिमोग्लोबिन निळा-हिरवा प्रकाश गिळून टाकतं, सुमारे ६०० नॅनोमीटरच्या पुढचा तांबडा प्रकाश मात्र बराच सोडतं. तुम्ही टॉर्चवर तळहात ठेवला तर पंजा लाल दिसतो, त्याचं हेच कारण. काजव्याचं ल्युसिफरेज नेहमीच्या तापमानाला ५६० नॅनोमीटरच्या आसपास पिवळसर हिरवं चमकतं. नशीब असं की सस्तन प्राण्याच्या ३७ अंशांना त्याचा उजेड तांबड्याकडे, ६१० च्या आसपास सरकतो. त्यामुळे हे एन्झाईम उंदरात चाललं. कुणी असं ठरवून बनवलं नव्हतं.

तुलनेसाठी हिरवं प्रथिन, जीएफपी, लक्षात घ्या. मार्टिन चाल्फी यांनी १९९४ मध्ये ते कृमीत चमकवून दाखवलं आणि २००८ मध्ये शिमोमुरा व त्सिएन यांच्यासोबत नोबेल मिळवलं. जीएफपीला इंधन लागत नाही, पण बाहेरून प्रकाश मारावा लागतो, आणि तसा प्रकाश मारला की उंदराची कातडी, केस, पोटातलं खाणं हेही थोडं चमकतं. ल्युसिफरेजला बाहेरचा प्रकाश लागत नाही, त्यामुळे मागची पाटी जवळपास काळी राहते. काळ्या पाटीवर बारीक ठिपकाही दिसतो. म्हणून पारदर्शक कृमीत आणि सूक्ष्मदर्शकाखाली जीएफपी, उंदराच्या पोटात ल्युसिफरेज, अशी ढोबळ वाटणी झाली.

आता तो माणूस. रिशार्ड कोल, नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठ, चॅपेल हिल. त्याचा विषय होता बीटा-थॅलेसेमिया. हिमोग्लोबिनच्या बीटा-ग्लोबिन जनुकात बिघाड होऊन रक्त नीट बनत नाही, तो आजार. या जनुकाचा दुसरा इंट्रॉन ८५० अक्षरांचा आहे. काही रुग्णांत त्या इंट्रॉनच्या आतच, ६५४ किंवा ७०५ क्रमांकाच्या जागी, एक अक्षर बदललेलं असतं. त्या बदलामुळे तिथे 'इथे काप' अशी खोटी खूण तयार होते. स्प्लायसिओसोम फसतो आणि इंट्रॉनचा एक तुकडा तयार एमआरएनएमध्ये राहून जातो. खऱ्या खुणा शाबूत असतात, फक्त खोटी खूण जास्त भुरळ घालते.

१९९३ मध्ये डोमिन्स्की आणि कोल यांनी साधा विचार केला: खोटी खूण झाकून टाकली तर? त्या जागेला बरोबर चिकटेल असा छोटा आरएनएसारखा तुकडा, अँटीसेन्स ऑलिगो, त्यांनी परीक्षानळीत टाकला आणि कापजोड पुन्हा बरोबर होऊ लागली. नळीत जमलं. जिवंत पेशीत कुठलं ऑलिगो किती आत शिरतं, किती काम करतं हे शेकडो वेळा मोजायचं कसं? दर वेळी आरएनए काढून जेलवर चालवणं म्हणजे जन्म जायचा.

१९९८ मध्ये कांग, चो आणि कोल यांनी ७०५ चा बिघडलेला इंट्रॉन उचलून ल्युसिफरेजच्या सीडीएनएच्या मधोमध घातला आणि ते जनुक हेला पेशींत कायमचं बसवलं. परिस्थिती बघा. इंट्रॉन चुकीचा कापला जातो, तुकडा आत राहतो, ल्युसिफरेज बनत नाही, पेशी अंधारी. ऑलिगोने खोटी खूण झाकली की इंट्रॉन पूर्ण निघतो, ल्युसिफरेज अखंड बनतं, पेशी उजळते. १९८५ ला टाळलेला इंट्रॉन इथे कुलूप म्हणून बसवला, आणि किल्ली चालली की नाही हे दिवा सांगतो.

या रचनेतलं खरं शहाणपण दिशेत आहे. अँटीसेन्सचे त्याआधीचे बहुतेक प्रयोग 'जनुक बंद पाडलं, सिग्नल कमी झाला' अशा धाटणीचे होते. सिग्नल कमी व्हायला हजार कारणं असतात. पेशी मेल्या, औषध विषारी निघालं, पिपेट चुकलं. कोलच्या पेशीत ऑलिगो विषारी असेल तर पेशी नुसती अंधारीच राहील. अंधारातून उजेड यायला मात्र बरोबर जागी बरोबर काम व्हावं लागतं. (अगदी नेहमीच असं होतं का, ते पुढे बघूच.)

२००२ मध्ये याच गटाने ६५४ चा इंट्रॉन हिरव्या प्रथिनाच्या जनुकात घातला आणि उंदीर बनवला, ज्याच्या सगळ्या अंगात हे कुलूपबंद जनुक होतं. ऑलिगो रक्तातून दिलं आणि कुठल्या अवयवात हिरवा रंग आला ते बघितलं. ऑलिगोचं रसायन बदललं की उजळणाऱ्या अवयवांची यादी बदलली. औषध शरीरात कुठे पोचतं आणि पोचून काम करतं का, हे दोन्ही प्रश्न एका उंदरात सुटले. एक बारकावा: इथे उती काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्या होत्या. कापजोड प्राण्याच्या अंगात झाली, बघणं बाहेर झालं. 'इन व्हिवो' हा शब्द शोधनिबंधात दिसला की यातलं नक्की काय, ते पद्धतीच्या भागात जाऊन तपासा.

बघणंही जिवंत प्राण्यातच झालं ते २००४ मध्ये. अंबाल्यात जन्मलेले आणि अमेरिकेत वाढलेले संजीव गंभीर हे रेण्वीय प्रतिमांकनातलं मोठं नाव. २०२० मध्ये ते गेले. त्यांच्या गटात श्राबणी भौमिक आणि सहकाऱ्यांनी ट्रान्स-स्प्लायसिंग वापरलं, म्हणजे दोन वेगवेगळ्या आरएनएंचे तुकडे एकमेकांना जोडणं. समुद्री रेनिला या जीवाच्या ल्युसिफरेजचे त्यांनी दोन भाग केले. एक लक्ष्य असलेल्या आरएनएवर, दुसरा बाहेरून दिलेल्या आरएनएवर. दोन्ही पेशीत भेटले आणि पेशीच्या स्वतःच्या स्प्लायसिओसोमने जोडले, तरच पूर्ण ल्युसिफरेज. जिवंत उंदरात तो उजेड बाहेरून टिपला गेला. लक्ष्य जनुकही बाहेरूनच घातलेलं होतं, म्हणजे हा नमुना-प्रयोग होता, आणि लेखकांनी तसं स्वच्छ लिहिलं आहे. तरी मधल्या टप्प्यावरचा, प्रथिन बनण्याआधीचा आरएनए जिवंत प्राण्यात उजेडाने पाहणं तोवर कुणी केलेलं नव्हतं.

याच गंभीर यांच्या प्रयोगशाळेतून आलेले दोन शास्त्रज्ञ, प्रीथा रे आणि अभिजित डे, यांनी पुढे नवी मुंबईत खारघरला टाटा मेमोरियलच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये हे काम उभं केलं. २०१३ मध्ये रे यांच्या गटाने पीआयके३सीए या कर्करोगाशी जोडलेल्या जनुकाच्या प्रवर्तकाला ल्युसिफरेज लावून औषधांनंतर त्याची हालचाल जिवंत उंदरांत पाहिली. हे कापजोडीवर नाही, त्याआधीच्या पायरीवर, नक्कल सुरू होण्यावर आहे. पण तुम्हाला हे तंत्र शिकायला सातासमुद्रापार जायला हवंच असं नाही, हे सांगायला हवं होतं. ठाण्याहून लोकलने पनवेलच्या दिशेला बसा.

आता ज्यासाठी ही पोस्ट लिहायला घेतली तो भाग.

एसएमए हे नाव तुम्ही सोळा कोटींच्या इंजेक्शनच्या बातम्यांत वाचलं असेल. एसएमएन१ हे जनुक नसल्यामुळे बाळाचे स्नायू दुबळे होत जातात. आपल्याकडे त्याचं जुळं जनुक असतं, एसएमएन२, पण त्यात सातव्या एक्झॉनमध्ये एक अक्षर वेगळं असल्याने कापजोडीत तो एक्झॉन बहुतेक वेळा गळून पडतो. तो गळू दिला नाही तर बाळ वाचू शकतं. सोळा कोटींचं इंजेक्शन नवं जनुक देतं, ती वाट वेगळी. एसएमएसाठी कापजोड सुधारणारं पहिलं औषध, नुसिनर्सेन, अमेरिकेत डिसेंबर २०१६ मध्ये मंजूर झालं. ते ऑलिगो आहे आणि पाठीच्या कण्यात टोचावं लागतं. तोंडाने घ्यायचं औषध, रिस्डिप्लाम, ऑगस्ट २०२० मध्ये आलं. त्या वाटेवरचे सुरुवातीचे रेणू कसे सापडले? एसएमएन२ चा तुकडा ल्युसिफरेजला अशा प्रकारे जोडला की सातवा एक्झॉन आत राहिला तरच वाचनाची चौकट जुळेल आणि उजेड पडेल. मग हजारो रसायनं एकेक करून टाकली. कोलच्याच कुलपाचं भावंड. यातली मुख्य कंपनी होती पीटीसी थेरप्युटिक्स, पुढे रोशसोबत.

याच कंपनीने त्याआधी दुसरा शोध घेतला होता. विषय कापजोडीचा नव्हता, भाषांतराचा होता: जनुकात मधेच अवेळी 'थांब' खूण आली तर ती ओलांडून पुढे वाचायला लावणारं औषध. रचना ओळखीचीच. ल्युसिफरेजच्या मधे 'थांब' खूण, ओलांडली तर उजेड. सुमारे आठ लाख रसायनं तपासून २००७ मध्ये पीटीसी-१२४ नावाचा रेणू नेचरमध्ये छापून आला. ड्युशेन स्नायुविकाराच्या मुलांसाठी मोठीच आशा.

२००९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या डग्लस ऑल्ड आणि सहकाऱ्यांनी एक सरळ प्रयोग केला. तीच रचना, फक्त काजव्याच्या ल्युसिफरेजऐवजी रेनिलाचं. पीटीसी-१२४ टाकलं. उजेड वाढला नाही. औषध खरोखर 'थांब' ओलांडायला लावत असेल तर पुढचा दिवा कुठल्या कंपनीचा आहे याने काय फरक पडतो? २०१० मध्ये त्यांनी कारणही दाखवलं. हा रेणू काजव्याच्या ल्युसिफरेजलाच घट्ट चिकटतो. एन्झाईम त्याला एटीपीतल्या एएमपीशी जोडतं आणि तो जोड एन्झाईमच्या खाचेत रुतून बसतो. रुतलेलं एन्झाईम पेशीत लवकर मोडत नाही, साचत जातं. मग मोजणीच्या द्रावणातलं भरपूर ल्युसिफेरिन आणि को-एन्झाईम ए त्या जोडाला हटवतात, आणि साचलेलं सगळं एन्झाईम एकदम चमकतं. म्हणजे एन्झाईमला अडवणारा रेणू मोजणीत त्याला वाढवणारा दिसतो! १९४७ मध्ये ज्या एटीपीने विझलेला अर्क पेटवला, त्याच एटीपीच्या खाचेत ही सगळी गफलत घडली.

कंपनीचं म्हणणं होतं की इतर पद्धतींनीही परिणाम दिसतो, आणि हे लक्षात घ्यायला हवं की ल्युसिफरेजवर फसलेला रेणू औषध म्हणून निरुपयोगीच असतो असं आपोआप ठरत नाही. त्याचा निकाल रुग्णांवरच्या चाचण्या देतात. अटालुरेन या नावाने त्याला २०१४ मध्ये युरोपात सशर्त परवानगी मिळाली. चाचण्यांत फायदा पुरेसा सिद्ध झाला नाही म्हणून २०२५ मध्ये ती पुढे चालू ठेवली गेली नाही. मधल्या अकरा वर्षांत किती आई-बापांनी त्या गोळीवर डोळे लावले असतील, हे मला ऑल्डचे आलेख वाचताना दर वेळी आठवतं.

एकच एन्झाईम, एकच कंपनी, कुलपाची कल्पना एकच. एकीकडून रिस्डिप्लामसारखं औषध आलं, दुसरीकडे ही गुंतागुंत. म्हणून मुलाखतीतल्या त्या दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर असं असेल: उजेड वाढला म्हणजे कापजोड वाढली असेल, किंवा नक्कल जास्त झाली असेल, किंवा एमआरएनए जास्त टिकला असेल, किंवा एन्झाईम जास्त टिकलं असेल, किंवा पेशीत ल्युसिफेरिन नि एटीपी जास्त पोचलं असेल. यातलं एकेक कसं वगळलं ते सांगता आलं, तरच पहिल्या शक्यतेवर बोट ठेवायचं.

आता एक गृहपाठ, आणि तो आपल्या घरचा आहे. भारतात बीटा-थॅलेसेमियाचे वाहक साधारण तीन ते चार टक्के मानतात, आणि सिंधी, लोहाणा, भानुशाली अशा समाजांत प्रमाण आणखी जास्त. मुंबईत परळला केईएमच्या आवारातली राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था यावर कित्येक दशकं काम करते आहे. भारतात सर्वाधिक आढळणारं उत्परिवर्तन कोलच्या ६५४ किंवा ७०५ पेक्षा वेगळं आहे. ते बीटा-ग्लोबिनच्या पहिल्या इंट्रॉनमधल्या पाचव्या जागी आहे, जी ऐवजी सी. हेही कापजोडच बिघडवतं, पण इथे नवी खोटी खूण तयार होत नाही. खरी खूणच पुसट होते, आणि मग आजूबाजूच्या, एरवी झोपलेल्या तीन खुणा जाग्या होतात. म्हणजे एक खोटी खूण झाकून भागणार नाही. तीनही झाकल्या तरी खरी खूण अशक्तच राहते. तिला बळ द्यायचं तर खूण ओळखणाऱ्या यू-१ या आरएनएमध्ये बदल करून तो पुसट खुणेशी जुळेल असा करावा लागेल, किंवा डीएनएतच दुरुस्ती.

कागद घ्या आणि यासाठी रिपोर्टर काढून बघा. पहिला इंट्रॉन १३० अक्षरांचाच आहे, ल्युसिफरेजमध्ये सहज मावतो. पण झोपलेल्या तीन खुणांपैकी दोन पहिल्या एक्झॉनमध्ये आहेत. नुसता इंट्रॉन उचललात तर त्या मागेच राहतील आणि तुमची पेशी रुग्णाच्या पेशीसारखी चुकणारच नाही. एक्झॉनचा किती भाग सोबत घ्यायचा? तो ल्युसिफरेजमध्ये गेल्यावर वाचनाची चौकट कुठे बिघडते? उत्परिवर्तन नसलेला जोडीदार कुठला ठेवाल? दुसऱ्या बाजूला रेनिला कुठे लावाल, त्याच प्लाझ्मिडवर की वेगळ्या? आणि उजेड आलाच, तर आरएनए काढून आरटी-पीसीआरमध्ये नेमकी किती लांबीची पट्टी दिसायला हवी? आकडा आधी लिहून ठेवा, प्रयोग नंतर. उत्तरं कमेंटमध्ये टाका, पट्टीच्या लांबीसकट.